खुर्च्यांच्या पाळण्याची लाइन

डोंबिवलीत शेअर रिक्षाच्या लाइनीत उभं राहायला माझ्या मुलीला शिकवताना माझी दोन वर्षं गेली. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा. ती आता सतरा वर्षांची आहे आणि तिला ऑटिझम आहे. ऑटिझम म्हणजे काय हे मी आजवर इतक्या लोकांना समजावलंय की आता थोडक्यात आटपते. आवाज, गर्दी, उजेड तिला आपल्यापेक्षा जास्त बोचतात, बोलणं कमी आहे, आणि एकदा ठरलेली गोष्ट बदलली की तिचा धीर सुटतो. एवढ्यावर समोरच्याचं भागलं तर ठीक, नाहीतर मी विषय बदलते.

रिक्षाची लाइन शिकवायचं कारण साधं होतं. तिची शाळा स्टेशनच्या पलीकडे, माझी नोकरी वागळे इस्टेटमध्ये. तिथल्या एका छापखान्यात मी औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासते. शेअर रिक्षाशिवाय आमचं पान हलत नाही. सुरुवातीला ती सरळ पुढे जाऊन रिक्षात बसायची आणि लाइनीतले पंधरा जण एकदम ओरडायचे. मग मी तिला सुट्टीच्या दिवशी भर दुपारी स्टँडवर न्यायला लागले, कारण तेव्हा लाइनीत चारच माणसं असायची. चारांची सवय झाल्यावर सहा, मग दहा, मग संध्याकाळी सातची लाइन, जी दुकानांच्या पायऱ्यांना लागून पार वळणापर्यंत जाते. मी तिला एकच नियम शिकवला. लाइन तोडायची नाही. आपण नाही, कुणीच नाही. कुणी मध्ये घुसलं की मी तिच्यादेखत त्याला झापायचे, म्हणजे तिच्या डोक्यात पक्कं बसावं. हे काम मला अजिबात जड गेलं नाही. माझं तोंड आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे.

एक अडचण मात्र मी कधी सोडवलीच नाही. रिक्षात मागे तिघं बसतात. कधी कधी आमचा नंबर यायचा आणि एकाचीच जागा उरलेली असायची. तेव्हा मी मागच्या माणसाला म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे, आम्ही दोघी एकत्र आहोत. घराबाहेर ती माझ्या हाताच्या टप्प्यापलीकडे कधी गेलेलीच नव्हती. शाळेच्या दारात माझ्या हातातून बाईंच्या हातात, आणि सुटल्यावर बाईंच्या हातातून परत माझ्या. "तुमच्यानंतर हिचं कसं होणार?" असं विचारणारे नातेवाईक आमच्याकडे भरपूर आहेत. त्यांना मी चहा देते आणि उत्तर देत नाही. उत्तर मला माहीत नाही, आणि त्या प्रश्नाला मी मनातून भयंकर टरकून असते.

तर खुर्च्या. एक गोल फिरणारा पाळणा असतो. वर मोठं छत, आणि त्याला साखळ्यांनी लटकवलेल्या सुट्या सुट्या खुर्च्या. पाळण्याने वेग घेतला की खुर्च्या हवेत तिरक्या होऊन बाहेर फेकल्या जातात. कुणीतरी काढलेला त्याचा व्हिडिओ माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवर आला आणि लेकीने तो वर्षभर पाहिला. वर्षभर म्हणजे अक्षरशः वर्षभर. दात घासताना "खुर्च्या", जेवताना "खुर्च्या", पाहुणे आले की त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरून "खुर्च्या". शीळफाट्याच्या पलीकडे एका मोठ्या पार्कमध्ये असा पाळणा आहे असं कळलं, तेव्हा मी कॅलेंडरवर एका शनिवारभोवती गोल केला. आमच्या घरात कॅलेंडरवर गोल झाला की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

मला भीती होती ती लाइनीची. आदल्या वर्षी डोंबिवलीतच एका मैदानात आनंदमेळा लागलेला. तिथल्या आकाशपाळण्याच्या लाइनीत ढकलाढकली, वर स्पीकर कोकलत होते. विसाव्या मिनिटाला ती मातीत खाली बसली आणि स्वतःच्या कपाळावर हाताने मारून घ्यायला लागली. पाळण्यात न बसताच आम्ही तिला घरी आणलं. चार दिवस ती धड जेवली नाही. रिक्षाची लाइन दहा-पंधरा मिनिटांत सरकते, पार्कमधली तास तास हलत नाही, असं सगळे सांगत होते. मी पार्कला फोन करून विचारलं. अपंगत्वाचं सरकारी कार्ड असलं की पास मिळतो, पास असला की लाइन नाही, सोबत एक माणूस चालतो, असं पलीकडची बाई म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

शनिवारी सकाळी मी कार्ड, प्रमाणपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स अशी फाइल घेऊन गाडीत बसले.

"पिकनिकला चाललोय की कोर्टात?" नवरा म्हणाला.

"तू गाडी चालव," मी म्हटलं. शीळफाट्याला पाऊण तास अडकलो तरी मुलगी एका शब्दाने कुरकुरली नाही. तिच्या मांडीवर मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये खुर्च्या होत्या.

पासच्या काउंटरवर एक चष्मेवाले गृहस्थ होते. मी फाइल पुढे केली.

"पेशंट कुठाय?" त्यांनी विचारलं.

"पेशंट कुणी नाही. ही माझी मुलगी."

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "व्हीलचेअर?"

"तिला चालता येतं."

"मग मॅडम, हा पास हँडिकॅप लोकांसाठी आहे."

"म्हणूनच आलेय. कार्डावर लिहिलंय ते वाचा."

"वाचलं हो. पण दिसत तर नाही तसं काही."

झालं, माझं डोकं सटकलं. "तुम्हाला दिसावं म्हणून तिने काय करायचं आता? इथे लोळून दाखवायचं?" नवरा मागून "अगं, हळू, हळू" करत होता. त्याला म्हटलं, हळू बोलणाऱ्यांना या देशात काही मिळत नाही. मग मी त्या गृहस्थांना तिथेच उभ्या उभ्या सगळी यादी ऐकवली. तिला काय सहन होत नाही, काय कळत नाही, काय बोलता येत नाही, गर्दीत ती स्वतःला कशी मारून घेते. अर्ध्या पार्कला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मुलगी माझ्या मागेच उभी होती, कानांवर हात ठेवून. कानांवर हात ठेवले तरी ऐकू येतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा यादी संपत आली होती, आणि मला माझीच लाज वाटली.

शेवटी आतून त्यांच्या वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी कार्ड पाहिलं, त्या गृहस्थांकडे पाहिलं, आणि दोन मिनिटांत फितीला लावलेला पिवळा पास माझ्या हातात दिला. पासवाल्यांनी पुढच्या गेटने जायचं नाही, प्रत्येक पाळण्याच्या एक्झिट गेटने आत शिरायचं, असं समजावून सांगितलं. "सॉरी हं," त्या म्हणाल्या. मी लढाई मारल्यासारखी तो पास गळ्यात घालून निघाले.

खुर्च्यांचा पाळणा लांबूनच दिसला. मुलीने माझा हात सोडला नाही, पण ती जवळजवळ पळायला लागली. पाळण्यापुढे लोखंडी पाइपांमधून नागमोडी लाइन होती. दोनशे माणसं तरी असतील. मी तिला लाइनीच्या कडेकडेने एक्झिट गेटकडे न्यायला लागले, आणि ती थांबली.

"लाइन," ती म्हणाली.

"बाळा, आपल्याला लाइन नाही. हे बघ, पास आहे."

"लाइन तोडायची नाही."

"अगं, तोडत नाही आहोत. आपल्याला परवानगी आहे."

तेवढ्यात लाइनीतून कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, लाइन से आओ ना! हम लोग पागल हैं क्या?" आणखी दोघंतिघं ओरडले. रिक्षा स्टँडवर मी ज्या सुरात ओरडते ना, तोच सूर. मुलगी जागीच खाली बसली. कपाळावर पहिला फटका बसला तो मला ऐकू आला. दुसरा मी तळहातावर झेलला.

एक्झिट गेटवरचा माणूस भला होता. तो धावत आला. "या ना आत, तुम्हाला कुणी अडवणार नाही," असं म्हणत राहिला. त्याला कसं सांगायचं, अडवणारी लोकं नव्हतीच. अडवत होते मी. कुणीच नाही म्हणजे कुणीच नाही, असं मी दोन वर्षं तिच्या डोक्यात हातोड्याने ठोकलेलं, त्यात पासवाले सोडून असं कुठे होतं? सकाळपासून ज्याच्यासाठी मी गळा काढला, तो पास आता तिला पाळण्यापासून लांब ठेवत होता.

"तिला लाइनीत उभं राहायचंय," नवरा म्हणाला.

"तास लागेल! मेळ्यात काय झालं विसरलास?"

"लागू दे तास. बघू तर."

तिला उठवायला दहा मिनिटं गेली. लाइनीच्या शेपटाकडे तोंड केल्यावर ती आपणहून चालायला लागली. पाळण्यावर सुट्या वस्तू नेता येत नव्हत्या, म्हणून पास, पर्स, दोघींकडचे मोबाइल असं सगळं मी नवऱ्याकडे दिलं. त्याला मानेचं दुखणं आहे, असले पाळणे त्याला वर्ज्य. तो लाइन सुरू होते तिथल्या बाकावर बसला आणि आम्ही दोघी शेवटी जाऊन उभ्या राहिलो.

एक तास वीस मिनिटं. मी दर मिनिटाला तिच्या कपाळाकडे बघत होते. ती एक हात पाइपवर ठेवून उभी होती. पुढचा सरकला की सरकायची, पुढचा थांबला की थांबायची. मध्ये बरोबर वीतभर अंतर. अर्ध्या तासाने माझ्याच टाचा बोंबलायला लागल्या. किती उरलंय ते बघायला मी लाइनीबाहेर पाऊल टाकलं, तर तिने माझी ओढणी धरून मला जागेवर ओढलं.

आमच्या मागे वर्तकनगरच्या एक बाई होत्या, दोन नणंदांना घेऊन आलेल्या. त्यांनी चकल्यांचा डबा उघडला आणि मुलीपुढे धरला.

"कितवीला आहे?" त्यांनी विचारलं.

मी माझं ठरलेलं थोडक्यात सांगितलं.

"हो का? पण उभी कशी राहिलीय बघा. आमच्या या दोघी मघापासून तीनदा भांडल्या."

असलं कौतुक मला एरवी खपत नाही. त्या दिवशी खपलं. मी दोन चकल्या खाल्ल्या. मध्येच चार कॉलेजची पोरं पाइपाखालून वाकून पुढे घुसायला लागली, तेव्हा माझ्याआधी मुलगीच ओरडली, "लाइन!" मग काय, पाठून अख्खी रांग ओरडली, नणंदांसकट. पोरं खाली मान घालून परत गेली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं.

अखेर आमचा नंबर आला. लाइनीच्या तोंडाशी, टोपी घातलेली एक ऑपरेटर मुलगी हाताने माणसं मोजून आत सोडत होती. "अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. बस." तिचा हात खाली आला तो माझ्या पोटासमोर. बत्तिसावी माझी मुलगी होती.

"आम्ही दोघी एकत्र आहोत," मी म्हटलं.

"मॅडम, खुर्च्या बत्तीसच. तुम्ही पुढच्या राउंडला."

"अहो, ती एकटी नाही बसत."

"गेलीय की आत," ती म्हणाली, आणि साखळी लावून आत गेली.

खरंच, मुलगी आत पोचलेली होती. रिकामी खुर्ची शोधत होती. मी पाससाठी गळ्याशी हात नेला. पासावर सोबत एक माणूस चालत होता, लाइनीत तशी सोय नव्हती, आणि पास बाकावर नवऱ्याकडे होता. मग मी सरळ साखळी उचलली आणि एक पाय आत टाकला. मागे वळून तिने तो पाय पाहिला.

"आई, लाइन," ती म्हणाली.

माझ्यामागे दोनशे माणसं बघत होती. मी पाय मागे घेतला.

ऑपरेटर तिच्यापर्यंत पोचली, तिने पुढचा दांडा लावला, पट्टा ओढून पाहिला. मला ओरडून सांगायचं होतं की तिला असं असं आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा. सकाळी काउंटरवर सांगितलं तेच सगळं. तोंड उघडलंही. मुलगी पट्टा नीट बसलाय का ते स्वतः ओढून बघत होती, जसा व्हिडिओतला माणूस बघतो. मी तोंड मिटलं.

पाळणा फिरला. मी न बघताच शेजारी हात पुढे केला, आणि वर्तकनगरच्या बाईंनी तो गच्च धरला. मुलगी वर गेली, तिरकी झाली, लांब गेली, परत आली. ती हसत नव्हती. तोंड उघडं होतं आणि ती काहीतरी बोलत होती, एकटीच, न थांबता. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी मोजत होते म्हणून सांगते, चार मिनिटं. मग खुर्च्या खाली आल्या, दांडे उघडले, आणि ती बाकीच्या एकतीस जणांबरोबर पलीकडच्या एक्झिटने बाहेर गेली. दिसेनाशी झाली.

साखळी उघडली तशी मी धावले. पण मी प्लॅटफॉर्म ओलांडेपर्यंत एक्झिटचं फाटक लागलेलं.

"मला बसायचं नाही, मला बाहेर जायचंय," मी ऑपरेटरला म्हटलं. "माझी मुलगी एकटी आहे तिथे."

"फाटक आता राउंड संपल्यावरच उघडेल. सेफ्टीचा नियम आहे. बसा ना मॅडम, चारच मिनिटं."

मागून माणसं येत होती, माझ्याभोवतीच्या खुर्च्या भरत होत्या. मी बसले. दांडा लागला. नवरा पुढच्या बाजूच्या बाकावर, आम्ही तिथूनच परत येऊ अशा समजुतीत. माझ्याकडे मोबाइल नाही. आणि मला उंचीची भीती वाटते, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं.

पाय जमिनीवरून सुटले तसे मी "अगं आई गं" करून डोळे मिटले. मग आठवलं, आणि उघडले. पहिल्या फेरीत एक्झिटपाशी नुसती गर्दी दिसली. दुसऱ्या फेरीतही ती दिसेना, आणि मी त्या खुर्चीत बसून रडायला लागले, अगदी मोठ्याने. तिसऱ्या फेरीत दिसली. कठड्याला टेकून, वाटेतून बाजूला उभी. चौथ्या फेरीत तिच्याशी गार्ड बोलत होता. पाचव्या फेरीत ती त्याला काहीतरी सांगत होती आणि हात वर करून पाळण्याकडे दाखवत होती. सहाव्या फेरीत गार्ड गेलेला आणि ती तिथेच होती. मग दर फेरीला ती तिथेच. कुणीतरी यायचंय म्हणून माणूस जसं उभं असतं, तशी उभी. मुलगी झाल्यापासून वाट बघायचं काम माझ्याकडे आहे. डॉक्टरकडे मी, शाळेच्या फाटकापाशी मी, ती पहिला शब्द बोलेल म्हणून पाच वर्षं मी. ती माझी वाट बघतेय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि तेही हवेत तिरकी लटकून.

राउंड संपला, फाटक उघडलं. मी तिच्यापाशी गेले, तिला जवळ घ्यावं म्हणून हात पुढे केले, तर ती थोडी मागे सरकली. घामट मिठ्या तिला आवडत नाहीत.

"अजून खुर्च्या," ती म्हणाली.

"पुन्हा तेवढंच उभं राहावं लागेल," मी म्हटलं. "सगळ्यात शेवटी."

ती निघाली. दहा पावलांवर तिने मागे वळून पाहिलं, मी येतेय का ते. मी हाताने तिला खूण केली, जा. ती क्षणभर थांबली आणि गेली. मी नवऱ्याच्या बाकावर येऊन बसले. तिथून लाइनीचं शेपूट दिसत होतं.

तो पाण्याची बाटली आणायला गेलेला, तो आला. मला एकटीला बघून त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"ती कुठाय?"

"लाइनीत."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही," मी म्हटलं. "बस इथे."